धुवायला दिलेला लाल शर्ट

सोमवार, संध्याकाळ

पोहोचलो एकदाचा! मांड्यांचे दगड झालेत, पण स्वारी खुशीत आहे. उद्या सायकलला हात लावायचा नाही, नुसतं गाव हिंडायचं. चौकातल्या एका अनोळखी मावशींनी माडीवरची खोली दिलीय. लोखंडी खाट, निळी खिडकी, स्वच्छ चादर. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा, तसा अबोल. जेवताना मात्र प्रश्नांची सरबत्ती! घरी कोण, बहिणीला हाक काय मारतोस, लहानपणी कशावरून भांडायचात. मला काय, ऐकणारा मिळाला की झालं. ताईचे दिवस भरत आलेत, बाळ व्हायच्या आत पोहोचेन असा शब्द दिलाय, तेही तिच्या पत्त्यासकट सांगून टाकलं. आईवडील गेल्यापासून आम्ही दोघंच आहोत एकमेकांना.

मंगळवार

सायकल दुकानात टाकली, मागचं चाक आऊट झालं होतं. लाल शर्टासकट सगळे कपडे लाँड्रीत. तोवर मावशींनी मुलाचा शर्ट-पायजमा दिला. मापाने शिवल्यासारखा बसला! मग मनसोक्त भटकलो. घड्याळाचा मनोरा, दोरखंड वळणाऱ्यांची गल्ली, नदीवरचा अरुंद पूल. न्हाव्याने न विचारता दाढी उतरवली आणि भांग उजवीकडे पाडला, हुबेहूब मावशींच्या मुलासारखा. वैतागलो, पण म्हटलं जाऊ दे, केस काय, वाढतील पुन्हा. बेकरीवाल्याने पाठीवर थाप मारली, आईला सांग, पाव संध्याकाळी पाठवतो म्हणाला. माणसं चुकतात.

मोबाइल सायकलच्या पिशवीत राहिला. जाऊन पाहिलं तर दुकान बंद.

बुधवार

दुकानदार विचारतो, कुठली सायकल? लाँड्रीवाला म्हणतो, तू कधी कपडे दिलेस, तुझे तर आई घरीच धुते. डोकंच सटकलं. भर रस्त्यात आरडाओरडा केला. माणसं जमली, पण कुणीही चिडलं नाही. सगळे समजूत घालत होते, घरच्या पोराची घालावी तशी. त्याचीच जास्त भीती वाटली.

मावशींचा मुलगा कालपासून दिसत नाही. कुठे गेला विचारलं, तर त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

गुरुवार

पुलावर दिसला. माझ्या सायकलवर. माझा लाल शर्ट. चेहऱ्यावर माझी दाढी — दोन दिवसांत? मागे धावलो. त्याने वळून हात हलवला, मी हलवतो तसाच —

तो ताईकडे निघालाय. पत्ता मीच दिला. नको तिथे तोंड उघडायची खोड माझी!

पायी निघालो तर न्हावी आणि बेकरीवाला दंडाला धरून परत घेऊन आले. हळूच. मायेने.

शनिवार

मावशींनी स्वतःच फोन पुढे केला. बोल म्हणाल्या, जीव शांत होईल.

ताईनेच उचलला. मुलगी झाली. आनंदात आहे. मी म्हटलं, ताई, मी बोलतोय — ती म्हणाली, मी म्हणजे कोण? भाऊ तर इथेच बसलाय, बाळ त्याच्याच मांडीवर —

ओरडलो, खाली उतरव तिला, तो मी नाही — तिने घाबरून नाव विचारलं. सांगायला गेलो. नाव —

येईना. त्याचंच येतंय सारखं —

खालून आईने हाक मारली. मी ओ दिली. आई म्हटलं मी तिला, आणि