आतली माणसं

३ मार्च
कारागृहात रुजू झालो. काम मनासारखं: कैद्यांच्या तक्रारी ऐकायच्या आणि दंगा पेटायच्या आधीच विझवायचा. बराकीच्या टोकाला वरच्या मजल्यावर छोटी खोली, खिडकीला जाळी, टेबलाचा एक पाय आखूड. पहिल्याच दिवशी झुंबड! पाण्याला वास येतो, पंखे बंद, चौघांच्या जागेत अकरा जण. एकाने तर शेजाऱ्याच्या घोरण्याची तक्रार केली. घरी सांगितलं तर ही म्हणाली, मग माझीही घ्या लिहून. पोट धरधरून हसलो.

९ मार्च
अधीक्षकांना म्हटलं, निदान पाण्याचं तेवढं बघा. ते म्हणाले, नव्याचे नऊ दिवस; लाड केले की हे डोक्यावर मिरे वाटतात. चहा मात्र फक्कड पाजला.

१४ मार्च
तक्रारी ओसरल्या. पहाऱ्यावरचा म्हातारा जमादार म्हणाला, तुमचा पायगुण. बरं वाटलं.

१७ मार्च
आज एकही जण आला नाही. कॅन्टीनमधली बिस्किटं आणि साबण संपले. विक्री बघून कारकून खूश. मी मात्र विक्रीची यादी पुन्हा तपासली. प्रशिक्षणात हेच शिकवलं होतं. दंग्याआधी कैदी खाणं साठवतात, शिपाई घसरावेत म्हणून साबण जमवतात. आणि गप्प होतात.

१८ मार्च
शिवणखात्यातला शिंपी, जन्मठेपेचा कैदी, माझ्या शर्टाचं बटण लावायच्या निमित्ताने जवळ आला. पुटपुटला, परवा रजा टाका साहेब, घरी लेकरू आहे तुमच्या. मी तडक अधीक्षकांकडे. त्याचं नाव फुटू देऊ नका म्हणून हात जोडले. पाणी द्या, काहींना दुसरीकडे हलवा, अजून वेळ आहे. म्हणाले, बघतो.

१९ मार्च
बघितलं. सकाळच्या हजेरीला सगळ्यांदेखत शिंप्याला पुढे बोलावलं. विचारलं, कसला दंगा रे?
दुपारी तो शिवणखात्यात सापडला. ओठ — दोऱ्याने —
जिवंत आहे. माझ्याकडेच बघत होता.
ही म्हणते, उद्या जाऊ नका. पण त्यांचं ऐकून घेणारा मी एकटाच. मीही गेलो नाही, तर उरलं काय?

२० मार्च
खोलीत अडकलोय. जमादार आणि मी. दाराला टेबल लावलंय. बाहेर गाद्या पेटल्यात. मधलं फाटक बाहेरून बंद. अधीक्षकांना फोन लागला. म्हटलं, बोला त्यांच्याशी, पाणी द्या, थांबतील. त्यांनी विचारलं, आपली किती माणसं आत? दोघं, म्हटलं. बरं, म्हणाले. ठेवला.

धूर. जमादार खोकत होता — आता नाही.

दारावर धडका. मग थांबल्या. पलीकडून कुणीतरी ओरडतंय, साहेब, तुम्हाला हात लावणार नाही, त्यांना सांगा, आम्ही थांबतो —

जाळीतून हात काढला. ओरडलो. खाली अंगणात अधीक्षक. वर बघितलं त्यांनी. मला बघितलं.

भोंग्यावर त्यांचाच आवाज. आपला एकही माणूस आत नाही, म्हणतायत. बंदुका वर —

मी आहे. मी आत आहे, साहेब, मी —