ऑड्रीबाईंचे पाहुणे

प्रिय बाबा,

आम्ही मजेत आहोत. तुमचा खोकला थांबला का?

शनिवारी इथे ब्रिस्बेनमध्ये आम्हाला अगदी हवं तसं विकाऊ घर सापडलं होतं. मागे आंबासुद्धा होता. पण आत गेलो, तर मालकीणबाई ऑड्री घर बघायला आलेल्या सगळ्यांना म्हणत होत्या, "इतके पाहुणे! बसा, केक कापते." त्यांचा मुलगा माझ्या कानाशी लागला, "घर विकतोय हे तिला सांगू नका. सोमवारी वृद्धाश्रमात नेतोय."

मला शिसारीच आली. मी सगळं ऑड्रीबाईंना सांगून टाकलं. त्यांनी सगळ्यांना घराबाहेर काढलं, मुलालाही.

बाबा, तुम्ही होबार्टचं घर विकावं म्हणून नाताळात मी तुमच्यामागे लागले होते. त्याची आता लाज वाटते. खुशाल तिथेच राहा.

तुमचीच,
ब्रॉनी