पत्र्याखाली फोम

६ एप्रिल

आत्याबाई आज पुन्हा पडल्या. भाकरी थापता थापता! सासू म्हणून नव्हे, माणूस म्हणून जीव घाबरला माझा. पत्रा असा तापलाय की खाली पापड भाजावेत. तोंडावर पाणी मारलं, कांदा फोडून हुंगवला, तेव्हा डोळे उघडले. आणि पहिला शब्द काय — "तवा उतरव गं, भाकर करपंल."

हे कामावरून आले. आईकडे बघितलं, मग वर पत्र्याकडे. "साऱ्या जिल्ह्याचे कोल्ड स्टोरेज मी गार करतो, आन् माझीच आय उन्हानं पडती!" नीट जेवलेही नाहीत.

१३ एप्रिल, रविवार

झालं एकदाचं! साहेबांना विचारून ह्यांनी नागापूरहून कंपनीचं मशीन आणलं. जुन्या कामात उरलेले दोन ड्रम, तळाशी थोडा थोडा माल. एकात काळपट, एकात पिवळट. फवाऱ्याच्या बंदुकीत दोन्ही एकत्र होतात आणि बाहेर पडलं रे पडलं की फोम होऊन दुधासारखं उतू जातं. गोरक्ष पाईप धरायला. तो ह्यांच्या हाताखाली असतो. सगळं सामान अंगणात, आम्ही दोघी सामानावर. हे तोंडाला नुसता रुमाल बांधून आत, पत्र्याला खालून फोम मारायला. मी म्हटलं, कंपनीत मास्क असतो ना? "घरात कसला मास्क?"

संध्याकाळी आत गेले तर — गारवा! खोटं नाही. आत्याबाईंनी लेकाची दृष्ट काढली, कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. लग्नात ह्यांनी मला सोनं घातलं नाही. पण आज छप्पर घातलं. मला रडूच आलं.

१७ एप्रिल

अख्खी आळी घर बघून गेली. शेजारची झुंबरबाई दोनदा. "आमच्या बी पत्र्याला मारा की, सुनीलभाऊ." ह्यांची छाती फोमपेक्षा जास्त फुगलीय.

२१ एप्रिल

घरात वास येतोय. सुक्या बोंबलांचा. आत्याबाई माळकरी! सकाळपासून एकच — "कुनाच्या घरात बोंबील भाजत्यात गं?" मी झुंबरबाईकडे बघितलं. झुंबरबाईने माझ्याकडे.

२४ एप्रिल, एकादशी

लिहायलाही लाज वाटते. दुपारी भजनाच्या बायका आल्या. गार घर दाखवायचं म्हणून आत्याबाईंनी मुद्दाम आमच्याकडे भजन ठेवलेलं. टाळ हातात घेतले आणि एकीने नाकाला पदर लावला. मग दुसरीने. भजन अर्ध्यातच थांबलं. एक आत्याबाईंना म्हणाली, "बनुबाई, आजच्या दिवस तरी नगं हुतं." खिचडीला हात न लावता उठून गेल्या!

त्या गेल्यावर आत्याबाई माझ्यावर. "माह्यारचं खानं सुटंना का तुला?" माझ्या माहेरी, शेवगावला, खातात — खरं आहे. पण लग्नात गळ्यात तुळशीची माळ घातली त्या दिवसापासून मी अंड्याला शिवले नाही. देवाशपथ. कुणाला सांगू?

ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी सांगा, कसला वास आहे हा. हे नाक वर करून घरभर फिरले. "कसला वास? मला तर कायबी येत न्हाई." आत्याबाईंना वाटलं, लेक बायकोला पाठीशी घालतोय. झालं, आगीत तेल.

२६ एप्रिल

आत्याबाईंनी अंगणात तीन विटा मांडून वेगळी चूल केली. बाजही बाहेर नेली. माझ्या हातचं पाणीसुद्धा नको.

मीही हट्टाला पेटले. घर माझं, पाप केलं नाही, मी का बाहेर जाऊ? मी आतच राहणार, दारं लावून. हेही माझ्यासोबत आत.

४ मे

ह्यांना खोकला लागलाय. छातीत मांजर बसल्यासारखी घरघर. मी म्हटलं, कधीपासून? "जुनाच हाय. रविवारी कमी व्हायचा, आता रविवारी बी होईना." जुना आहे! आणि मला आज कळतंय. कंपनीत सगळेच खोकतात म्हणे.

५ मे

आज आमटीची फोडणी जळाली. काळा धूर, झुंबरबाई पळत आली. हे तिथेच, हातभर अंतरावर मोबाईल बघत बसलेले. हलले नाहीत.

मी हिंगाची डबी ह्यांच्या नाकाशी धरली. काही नाही. लसूण ठेचून धरला. काही नाही. "कधीपासून?" "झालं आसंल वरीस-दोन वरीस." वर हसले. मला हसू आलं नाही. चूल विझवून बसून राहिले.

९ मे

वास वरूनच येतोय का बघायला आत शिडी लावून पत्र्यापर्यंत चढले. दारापासचा फोम टणक, छान. पण आमच्या बाजेवरच्या कोपऱ्यात बोट आत गेलं! कच्च्या कणकेसारखा चिकट. बोट हुंगलं — बोंबील!

इतका आनंद झाला की काय सांगू. मी चोर नव्हते! तुकडा कापला, पदराखाली झाकून गोरक्षच्या घरी गेले. त्याने हातातही घेतला नाही, लांबूनच ओळखलं. "वहिनी, दोनी ड्रमचा माल सारखा पडला न्हाई की आसं हुतं. हे काय वाळत न्हाई. समदं खरडून काढावं लागतंय." मग ह्यांना कसं कळलं नाही? "आमी वासावरनंच वळखतो. आन् दादांचं नाक..." मी हलले नाही तिथून. मग सांगितलं. "परवा कामावर दादा शिडीवरच बसून ऱ्हायले. दमच घेता येईना. मीच धरून खाली आनलं. घरी बोलू नगं म्हनले."

परत येताना आनंद कुठल्या कुठे गेला.

१० मे

ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी ताट सरकवलं. "माझा हात चुकला म्हन्ती तू? माझा?" मी म्हटलं, हात नाही चुकला, तुमचं नाक गेलंय, आणि आता छाती चाललीय. चिडले. ओरडायला गेले तर खोकलाच आला, खोकून खोकून डोळ्यांत पाणी. मग हळूच म्हणाले, "डॉक्टरनं गेल्या सालीच सांगितलंय, ह्ये काम सोड. सोडून करू काय? दुसरं काय येतंय मला?"

एक वर्ष! मला राग आला, भयंकर राग. आणि त्याच्या खाली नुसती भीती. हा माणूस मला हवाय. त्याचं काम नसलं तरी चालेल. असं तोंडावर म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही.

११ मे

आत्याबाईंना वरचा तुकडा नेऊन हुंगवला. मग विचारलं ते माझ्याबद्दल नाही, चुकीबद्दल नाही. "सुन्या ह्याच्यात झोपतोय व्हय गं?"

१४ मे, सिव्हिल हॉस्पिटल

परवाचं आज लिहितेय. हे ड्युटीवर गेल्यावर मी, गोरक्ष आणि आत्याबाई खरडायला लागलो. खुरप्याने. कच्चा फोम चिकटत होता, वाळलेल्याची भुकटी उडत होती. हे इतक्यात येणार नव्हते! साहेबांनी खोकल्यामुळे लवकर घरी पाठवलेलं. दारात उभे राहिले, वर बघितलं. माझ्या हातातून खुरपं ओढून घेतलं. "माझं काम हाय. मीच काढनार." मी हात धरला. सोडवून घेतला.

दोन-तीन वेळा खरडलं असेल. मग शिडीला मिठी मारून राहिले. ओठ जांभळे. छाती वर यायची, खाली जायचीच नाही. गोरक्षने पाठीवर घेतलं, झुंबरबाईच्या लेकाच्या रिक्षात घातलं. रस्ताभर आत्याबाई नुसत्या "सुन्या, सुन्या" म्हणत होत्या. माझ्या मनात एकच — मी खरडायला काढलं नसतं तर.

१५ मे

ऑक्सिजन चालू. खुणेने पाणी मागितलं.

१८ मे

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण बोलतात स्पष्ट. छातीला आता फोमचं वावडं झालंय, त्याच्या नुसत्या वाऱ्यानेही दमा उठेल. "पुन्हा फोमजवळ गेले तर मी काही सांगू शकत नाही, ताई." हे ऐकत होते. तोंड भिंतीकडे केलं.

२३ मे

घरी आलो. पत्रा पुन्हा उघडा, फोम सगळा गेला. आळीने मदत केली. आत्याबाईंनी मला जवळ बसवलं. "रुपे, म्या तोंडाला यील ते बोलले." बस्, एवढंच. खूप झालं. चूल मात्र अजून अंगणातच आहे. आता आम्ही सगळेच तिथे जेवतो.

२ जून

हे लिंबाखाली बसून असतात. कळशी उचलली तरी धाप. एका गेटवर वॉचमन म्हणून गेले होते. ट्रकच्या धुराने छाती भरली, दुसऱ्याच दिवशी गोरक्षने परत आणलं. आज पहिल्यांदा माझ्यासमोर रडले. "मी आता कशाला ऱ्हायलोय गं?" मी म्हटलं, मला हवेत म्हणून. ह्या वेळी तोंडावर म्हटलं. त्यांनी माझा हात सोडला नाही.

आत्याबाईंनी कुणाच्या तरी शेतात खुरपायला जायचं काढलंय. ह्या वयात! मी नाही जाऊ देणार.

८ जून, रविवार

गोरक्ष कंपनीचा निरोप घेऊन आला. कोल्ड स्टोरेजच्या भिंतींची पॅनेलं बनतात त्या खात्यात फोमच्या कडा तासायला बाई हवीय. ह्यांच्या घरातलं कुणी येत असेल तर आधी त्याला घेतील. मी हो म्हटलं. उद्यापासून जायचं.

घरी सांगितलंय — पॅकिंगचं काम आहे.