पोवळ्यांच्या माळेचा खटका

शनिवार, ५ एप्रिल. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. जन्म नगरपालिकेच्या कचेरीत गेला. तक्रारीची पहिली ओळ वेळेची असते, हे मला कुणी शिकवायला नको.

अकरा वीसला आरशासमोर उभी राहून आईची पोवळ्यांची माळ गळ्यात घातली. मानेमागे हात नेले, खटका दाबला — आणि माळ सरळ खाली! छातीवरून पोटावर, पोटावरून जमिनीवर. तिन्ही सर. पुन्हा घातली. पुन्हा खाली. खटक्याची जीभ डबीत जाते, पण तिथे धरत नाही. लोण्यात सुरी जावी तशी आत, आणि तशीच बाहेर.

काल संध्याकाळी लिंडग्रेनच्या दुकानातून आणली. दोरा जुना झाला होता म्हणून नव्याने गाठवायला दिली होती. देताना चांगलं बजावलं होतं — खटक्याला हात लावायचा नाही, चांदीचा आहे, माझ्या नवऱ्याने दिलेला आहे. 'काळजी सोडा, मिसेस हावरिश,' म्हणाला. तोंडात च्युइंगम. च्युइंगम चघळणाऱ्या सोनाराच्या हातात पोवळी दिली, तिथेच माझं चुकलं.

हा तो खटका नव्हेच. त्याने बदलला आहे.

रविवार, ६ एप्रिल

चर्चमध्ये लक्ष नव्हतं. फादर काय बोलले कोण जाणे.

माझ्या नवऱ्याला, ओनुफ्रीला, जाऊन वर्ष उलटलं. वर्षभर अंगावर लाल काही घातलं नाही. आम्हा युक्रेनी लोकांत घालत नाहीत, आणि पोवळी तर नाहीच नाही. शोक फिटला की ईस्टरच्या सकाळी पुन्हा घालायची. आईने बाबांच्या मागे अशीच घातली होती. मी दिवस मोजत नव्हते, पण माळेची वाट बघत होते हे खरं. एवढी एकच गोष्ट पुढे होती.

कॅल्गरीला फोन केला. लारिसा म्हणाली, 'आई, दुसरा खटका बसवून घे ना. शंभर प्रकारचे मिळतात.' मुलीला जन्म दिला, शिकवलं, आणि ती मला हे सांगते. मी म्हटलं, तुझ्या बापासारखेही शंभर मिळत असतील. मग ती रडली. मग मी फोन ठेवला.

सोमवार, ७ एप्रिल

आईच्या वेळी माळेला खटका नव्हता. मागे लाल फीत असायची, आणि ती दुसऱ्या बाईने बांधायची — सासूने, जावेने, बहिणीने. मला फीत नको होती. नन्सच्या बोर्डिंगात वाढलेली मी, खेड्यातल्या बायकांसारखी पाठीवर फीत लोंबवत चर्चला जाऊ? लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी ओनुफ्रीने विनिपेगहून हा खटका करून आणला. त्या माणसाने उभ्या आयुष्यात दिलेली एकुलती एक शोभेची वस्तू! बाकी सगळं कामाचं. बर्फाचं फावडं. गाडीचे हिवाळी टायर. एका वाढदिवसाला तर मोरीचा पंप.

आणि लावायचाही तोच. मला हात लावू द्यायचा नाही — तुझ्या नखांनी चरे पडतील, म्हणायचा. पण वेळ किती लावायचा! खाली गाडी तापत ठेवलेली, ईस्टरची टोपली हातात, आणि हा माझ्या मानेशी खुडबुडतोय. 'होडी बांधतोयस का?' मी विचारायची. 'धार काढताना गायसुद्धा उभी राहते गं,' हा मागून. रात्री काढायचाही तोच. मधल्या अख्ख्या दिवसात खटका तसूभर हलायचा नाही. गुडघे टेकले, वाकले, लारिसाच्या लग्नात नाचले — नाही म्हणजे नाहीच.

आणि लिंडग्रेनकडून घरी आला तो मेलेला!

मंगळवार, ८ एप्रिल

दुकानात गेले. रस्त्यावर चिखल आणि बर्फाचा काला. बूट पुसले नाहीत. मुद्दाम.

लिंडग्रेनने डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिलं. म्हणे, खटका तुमचाच आहे, आम्ही नुसता दोरा बदलला. जिभेतली स्प्रिंग तुटलेली आहे, आणि तुटून फार वर्षं झालेली दिसतात — कड घासून गुळगुळीत झाली आहे, आत काळं धरलं आहे. मी विचारलं, मग इतकी वर्षं माझ्या गळ्यात माळ राहिली ती काय देवदूतांनी धरून ठेवली होती? त्याने खांदे उडवले. दोन्ही बाजूंच्या कड्यांत नायलॉनच्या दोऱ्याचे बारीक तुकडे अडकले होते म्हणे, ते त्यानेच चिमट्याने काढून टाकले. म्हणजे मी माझा दागिना घाणेरडा ठेवते! आमच्या घरात चांदीत दोऱ्याचे तुकडे अडकत नाहीत, असं सांगून आले.

नवीन खटका फुकट बसवून देतो म्हणाला. मी म्हटलं, मला फुकट नको. माझा मला परत हवा. आणि हे जे सगळं सांगताय ते लेखी द्या.

'लेखी?' असं म्हणून हसला तो.

बुधवार, ९ एप्रिल

रजिस्टर टपालाने नोटीस पाठवली. मूळ खटका परत करावा, अन्यथा गुड फ्रायडेच्या दुपारी बारापर्यंत लेखी खुलासा द्यावा. सिस्टर येव्हसेवियाने शिकवलेलं अक्षर अजून तलवारीसारखं आहे.

गुरुवार, १० एप्रिल

जेवले नाही. कशासाठी शिजवायचं.

शुक्रवार, ११ एप्रिल

शेवटी फीतच शिवून पाहावी म्हटलं. खेडवळ तर खेडवळ. शिवणाच्या डब्यात करकोच्याची कात्री शोधली — भरतकामात पहिली आले तेव्हा सिस्टरनी दिलेली, चोचीची पाती असलेली. ती कित्येक वर्षांपासून सापडत नाही. लारिसाने नेली असा मी तिच्यावर आळ घेतला होता. ओनुफ्री म्हणायचा, राहिली असेल कुठेतरी, कात्रीला काय पाय फुटतात?

भाजीच्या सुरीने फीत कापली. टाके घातले. आरशासमोर उभी राहिले. हात मानेमागे गेले, पण तिथे टिकत नाहीत. खांदे भरून येतात, बोटं कामातून जातात. दोनदा गाठ बसली असं वाटलं. दोनदा सुटली.

फीत दुसऱ्या बाईने बांधायची असते. सासू नाही, जाऊ नाही, बहीण नाही. आणि शेजारणीला हाक मारायला तोंड उघडलं नाही.

रविवार, १३ एप्रिल

विलोचा रविवार, म्हणजे पाम संडे. आमच्याकडे ताडाची झावळी कुठून येणार, मऊ बोंडांची विलोची डहाळीच आणतात. चर्चबाहेर सगळे एकमेकांना डहाळीने हलकेच मारतात आणि म्हणतात — मी नाही मारत, विलो मारते, आठवड्याने ईस्टर. दरवर्षी दारातून बाहेर पडायच्या आत ओनुफ्रीची डहाळी माझ्या पोटरीवर पडलेली असायची. या वर्षी मी पायऱ्यांवर उभी. लोक मला वळसा घालून गेले. माझं तोंडच तसं असणार.

शेवटी स्टेफकाने मारलं. जरा जोरातच. ही माझी शाळेपासूनची मैत्रीण, आणि तेव्हापासून तिचं तोंड बंद झालेलं नाही. मग मुद्द्यावर आली. युक्रेनमधून आलेला एक मुलगा तिच्या तळघरात भाड्याने राहतो, धान्याच्या कोठारावर काम करतो. त्याला ईस्टरला घालायला काही नाही. 'ओनुफ्रीचा करडा सूट दे ना, इरेना. कपाटात लटकून तो काय प्रार्थना म्हणतोय?'

पुरताना लारिसाने निळा निवडला होता. करडा मी ठेवला. फक्त ईस्टरला आणि नाताळला घालायचा तो.

नाही म्हटलं.

मंगळवार, १५ एप्रिल

स्टेफकाने लिंडग्रेनची गोष्ट चर्चच्या सगळ्या महिला मंडळात सांगितली. चर्चच्या स्वयंपाकघरात बीट किसताकिसता अख्ख्या गावाला कळली. दोघी जाऊन आपल्या दुरुस्तीला दिलेल्या अंगठ्या परत घेऊन आल्या. मला बरं वाटायला हवं होतं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. या वेळी च्युइंगमचा आवाज नव्हता.

'मिसेस हावरिश, तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या आहात म्हणून विचारतो. मी तुमचं काय घेतलं?'

'लेखी द्या,' एवढंच म्हणाले, आणि ठेवला.

गुरुवार, १७ एप्रिल

पास्काचं, ईस्टरच्या पावाचं, पीठ फुगलं नाही. दगड झाला. फेकून दिलं.

खरं काय ते इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय. मला खटक्याची पडलेली नाही. चांदी किती, बोटाच्या नखाएवढी! पण त्याच्या उशीची खोळ मी धुतली. त्याचा कप फुटला. फावड्याच्या दांड्याला माणसाच्या हाताचं काही राहत नाही. आठ बोटं, दोन अंगठे — एवढ्या जाड हातांचा तो, आणि वर्षानुवर्षं त्या इवल्याशा चांदीवर झुकून, माझ्या मानेवर श्वास सोडत उभा असायचा. ते एक राहिलं होतं. ते त्या माणसाने काढून कुठल्या तरी भंगाराच्या डब्यात टाकलं.

माळेची बाकीची पोवळी आईची आहेत. माझ्या माणसाचा फक्त खटका होता.

शुक्रवार, १८ एप्रिल. गुड फ्रायडे.

बारा वाजले. साडेबारा. टपाल आज नसतंच, हे नोटीस लिहिताना माझ्या लक्षात आलं नाही. कचेरीत असते तर अशा कारकुनाला मीच फैलावर घेतलं असतं.

दुपारी चर्चमध्ये गुडघ्यांवर सरकत, दर्शनाला मांडलेल्या ख्रिस्ताच्या चित्राच्या कफनापर्यंत गेले. मान उघडी, काळा रुमाल. काही मागितलं नाही. काय मागणार?

सोमवारी कोर्टात जाते.

शनिवार, १९ एप्रिल

स्टेफका सकाळीच दारात. स्वतःच्या ओव्हनमधला पास्का माझ्या टोपलीसाठी घेऊन आली — माझा फसणार हे तिने गृहीतच धरलेलं! — आणि सुटाचं पुन्हा काढलं. 'तरणा मुलगा उद्या स्वेटरवर उभा राहील गं वेदीसमोर. ओनुफ्रीने स्वतः काढून दिला असता.' ते खरं होतं. त्याने अंगावरचासुद्धा दिला असता.

कपाट उघडलं. सूट पलंगावर टाकला. देण्याआधी खिसे बघायचे असतात. बाहेरच्या खिशात पेपरमिंटची गोळी, कागदाला चिकटलेली. पाठीमागच्यात रुमाल.

आतल्या खिशात माझी करकोच्याची कात्री.

आणि पुठ्ठ्याचा एक छोटा तुकडा. त्यावर गुंडाळलेला तंगूस — पारदर्शक नायलॉनचा दोरा, तो मासे धरायच्या गळाला लावायचा तोच. पुठ्ठ्याच्या खाचेत कापलेल्या दोऱ्याचं एक कडं अडकवून ठेवलेलं, त्याला अजून गाठ होती. ती गाठ मी ओळखते. तळ्यावर बर्फाला भोक पाडून बसायचा, तेव्हा दातात दोरा धरून ती गाठ मारायचा. माशाने कितीही हिसका दिला तरी सुटायची नाही.

'अगं, ही कात्री तर तू शोधत होतीस ना?' स्टेफका म्हणाली.

मी सुटाशेजारी बसले. तीही बडबड सोडून माझ्या शेजारी टेकली. स्टेफका!

लिंडग्रेनला फोन केला. तुम्ही खरं बोलत होता, एवढं सांगितलं. सोमवारी दुकानात जाऊन सगळ्यांसमोरही सांगेन. तो म्हणाला, खटका दुरुस्त करून देऊ का?

नको म्हटलं.

रविवार, २० एप्रिल. ईस्टर.

माळ गळ्यात आहे. स्टेफकाने बांधली, त्याच्याच तंगुसाने. तिला वेळ लागला. मी उभी राहिले.

करडा सूट त्या मुलाला खांद्यात सैल होतो. वेदीसमोर तो पाठमोरा उभा होता, तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

ओनुफ्री हावरिश यांस —

खटका नेमका कधी तुटला? दरवेळी बांधून, दरवेळी रात्री कापून, एकदाही का सांगितलं नाही? माझ्या तोंडाला भ्यालास, की तुला तिथे मागे उभं राहायला आवडत होतं?

पुढच्या रविवारी फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडायला येतील. मी पास्का आणि अंडी घेऊन येईन, माळ घालून. त्याआधी लेखी उत्तर मिळावे.