समुद्रातून आलेली मोटार

आप्पा, तुमची गाडी काल धावली. खाडीपासून वरच्या सड्याच्या माळावर चढणारा रस्ता सकाळी बंद ठेवला होता आणि त्या चढणीवर ती अशी सुटली की खाली उभ्या असलेल्यांना नुसता आवाज ऐकू आला. चालवत कोण होतं विचाराल, तर मी. आता रागवायचं असेल तर रागवून घ्या, मला आज कशाचंच काही वाटत नाही. कालपासून जेवण धड गेलेलं नाही, शेजारणीला तीच हकिगत पुन्हा पुन्हा सांगून झाली आहे, आणि आज तिने मला बघून दार लोटून घेतलं. ऐकायला कोणी उरलं नाही म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

ही गाडी आपल्याकडे कशी आली ते तुमच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की मी स्वतः तिथे हजर होते असं वाटतं. बोटीच्या कंपनीतल्या कुठल्याशा साहेबाने ती विलायतेहून आणली. उघडी, दोनच माणसांची, पुढचं नाक हे एवढं लांब. साहेब परत जाताना ती एका कापड व्यापाऱ्याच्या मुलाकडे गेली आणि त्याने तिला मुंबईबाहेरच्या एका जुन्या धावपट्टीवर शर्यतीत पळवलं. दारावर सात नंबर, असं तुम्ही छाती काढून सांगायचात. मग एका वळणावर ती पिंपांवर जाऊन आदळली, ॲक्सल मोडला, त्या मुलाच्या वडिलांनी शर्यतीला कायमची बंदी केली आणि गाडी गोदीजवळच्या गोदामात पोत्यांखाली गेली. तुम्ही लाँचची इंजिनं दुरुस्त करणारे. मुंबईला सुटे भाग आणायला गेलात आणि, आई म्हणायची तसं, अख्खं इंजिन चाकांसकट घेऊन आलात. मोडक्या ॲक्सलने ती रस्त्याने येणार कशी, म्हणून कौलं घेऊन येणाऱ्या मालाच्या लाँचवर दोरांनी बांधून आणलीत. मांडवीच्या बंदरात फळ्यांवरून ती उतरवली तेव्हा अर्धी रत्नागिरी जमली होती म्हणे. त्यातली निम्मी तुम्हाला हसायला.

पण समुद्रातून आली म्हणजे ती होडीच, हे तुमच्या डोक्यात बसलं ते बसलंच. ॲक्सल घालून ती चालू केलीत आणि पहिला नारळ तिच्या नाकावर फोडलात. दर वर्षी नारळी पौर्णिमेआधी आपली होडी रंगवायची तेव्हा उरलेला रंग गाडीला. होडी निळी तर गाडी निळी, होडी हिरवी तर गाडी हिरवी. खालचा सडलेला पत्रा काढून तिथे फणसाची फळी बसवलीत. आणि खाऱ्या वाऱ्याने चासी गंजू नये म्हणून होडीला लावतात ते माशाचं तेल तिला तळातून चोपडायचात. इंजिन तापलं की मासळी बाजार आपल्याबरोबर फिरायचा. आई तोंडावर पदर धरून बसायची आणि गाडी थांबेल तिथे मांजरं जमायची. गावातल्या लोकांनी तुमची थट्टा करायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं, पण तुम्हाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

चौथीत होते मी. तुम्ही अंगणात पान लावत बसला आहात, गाडी मांडवाखाली उभी आहे आणि मी गुपचूप जाऊन चाकामागे बसते. पाय खाली पोचत नाहीत. दोन्ही हातांनी ते मोठं चाक धरते, ते उन्हाने कोमट झालेलं आहे, आणि मला असं काही वाटतं की आज साठी ओलांडल्यावरही ते मला नीट सांगता येत नाही. तुम्ही ओरडला नाहीत. पानाचा डबा मिटलात, जवळ आलात आणि म्हणालात, "खाली उतर गो बाय. सुकाणूला बाईमाणसान हात लावायचा नाय." मी म्हटलं, "ही गाडी आहे ना आप्पा?" तर म्हणालात, "ती काय हाय ता माका शिकवू नको." मी उतरले. त्या संध्याकाळी मला भाट्याच्या पुलापर्यंत फिरवून आणलंत, शेजारी बसवून, चणे-कुरमुरे घेऊन. मी खूश झाले असं तुम्हाला वाटलं. मी सगळा वेळ तुमचे पाय बघत होते, क्लच कधी दाबता आणि गिअर कधी टाकता ते.

तुम्ही गेल्यावर गाडी ताडपत्रीखाली राहिली. माझी नोकरी, मुलं, संसार, सगळं उरकेपर्यंत तिच्यात उंदरांनी घर केलं. या वर्षी कानावर आलं की आपल्याच सड्यावर जुन्या गाड्यांची चढणीची शर्यत होणार आहे. माझं डोकं फिरलं ते तेव्हा. पण अट अशी की पूर्वी खरोखर शर्यतीत धावलेली गाडीच घेणार. कागद तर केव्हाच वाळवीने खाल्ले होते. धाकट्या भावाला फोन केला तर मुंबईहून तो म्हणतो, "ताई, गाडी घेतलीच तर मी एक चांगला ड्रायव्हर पाठवतो. तू कशाला?" मी म्हटलं, "ड्रायव्हर चालवणार आणि मी काय टाळ्या वाजवू?" तरी त्याने ड्रायव्हरचा फोन नंबर पाठवलाच. तुमचाच मुलगा आहे तो.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज आहे, तिथल्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने इंजिन उतरवलं, कार्ब्युरेटर साफ केला, ब्रेक नवे केले. गाडी जॅकवर चढवून खाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "काकी, चासीला गंजच नाय. पण वास कसला हाय हो?" मग रंगाशी आला आणि डोकं खाजवत म्हणाला, "गाडीवर रंग हाय की रंगावर गाडी?" त्याला रंग काढायचं औषध लावून सगळं एका दिवसात पत्र्यापर्यंत उतरवायचं होतं. मी म्हटलं, हात लावायचा नाही. तुमचा सात नंबर असलाच तर याच थरांखाली असणार, कारण दुसऱ्याच्या होडीचा नंबर आपल्या होडीवर ठेवायचा नाही म्हणून तुम्हीच तो रंगवून टाकला होतात, हे आई सांगायची. नंबर मिळाला नाही तर मला चढण मिळणार नव्हती.

मग पाणी आणि पॉलिश पेपर घेऊन मीच गाडीच्या दाराशी बसले. आधी पिवळा निघाला, तुमच्या आजारपणातला. तो धाकट्याने लावलेला, सगळे ओघळ. त्याखाली माझ्या लग्नाच्या वर्षीचा निळा. मग हिरवा, मग पुन्हा निळा, असे कितीतरी थर, मग एक लाल, जो मला आठवतच नव्हता. बोटांची सालं गेली. मेकॅनिक चहा घेऊन यायचा आणि "काकी, आता बास" म्हणायचा. आणि एका दुपारी लालखाली गर्द हिरवा लागला, होडीचा नसलेला, आणि त्याच्यात पांढऱ्या गोलाची कड. मी हात मागे घेतला, पुन्हा पुढे केला. गोल पुरा होईपर्यंत मी श्वास घेतला की नाही कोण जाणे. मधोमध काळा सात. थोडा झिजलेला, पण सात. आप्पा, मी तिथे फरशीवर बसून अशी हसले की मेकॅनिक घाबरून पाणी घेऊन धावला. शर्यतवाल्यांचे एक वयस्क गृहस्थ बघायला आले, गोलावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "या होडीच्या रंगानेच वाचवलाय हा. घेतली तुमची गाडी. चालवणार कोण?" मी म्हटलं, "मी."

काल माझ्या आधी एक गाडी वाटेतच बंद पडली. मग झेंडा पडला आणि मी क्लच सोडला. पहिल्या वळणाला मागचं चाक सरकलं, मी आवरलं. दुसऱ्याला सरकू दिलं. दोन्ही बाजूंचा जांभा लाल पट्टा होऊन मागे जात होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तिसऱ्या गिअरला ती गाडी असं काही गायला लागली की मी मोठ्याने ओरडले, काय ते विचारू नका. वर पोचले तेव्हा इंजिन बंद करायचंही सुचलं नाही. निकाल शेवटून दुसरा. मला कोणी पहिला नंबर आणून दिला असता तरी याहून जास्त आनंद झाला नसता.

वर त्यांनी माइक हातात दिला. मी म्हटलं, हे सगळं माझ्या वडिलांच्या आठवणीसाठी. लोकांनी टाळ्या वाजवल्या, धाकट्याने फोनवर ते मला पुन्हा म्हणायला लावलं. हे पत्र कुठे जायचं नाही, तेव्हा तुम्हाला तरी खरं सांगते. ते सगळं खोटं होतं. खालपासून वरपर्यंत मला तुमची एकदाही आठवण आली नाही.