विहीणबाईंच्या गावचा झरा

वेस्ट विंडसर,
१० ऑक्टोबर २००४

चि. आश्लेषा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर माझा डावा कान दगा देतो आणि उजव्या कानात तू पुटपुटतेस, म्हणून लिहिते. रुचाताईकडे ठीक चाललंय. ती आणि शंतनू सकाळच्या ट्रेनने न्यूयॉर्कला गेले की दिवसभर मी आणि अंगणातली पानं. आज झाडावीत तर उद्या तेवढीच. कंटाळा आला.

खरं सांगू, मला झोप लागत नाही. ऑगस्टात तुम्ही मला ओवेनच्या गावी आयर्लंडला नेलंत. इवलंसं गाव, पण केवढं जुनं! तो पवित्र झरा, रेघा कोरलेला उभा दगड, कुणी नांगर घालत नाही ते गोल टेकाड. विहीणबाईंनी कॅन्सर असूनही सगळं हौसेने दाखवलं. आणि मी काय केलं? तुम्ही झोपेत असताना झऱ्याकाठच्या काटेरी झाडावरच्या मळक्या चिंध्या सोडल्या, धुतल्या आणि कुंपणावर वाळत घातल्या. देवाच्या दारी घाण नको, एवढंच मनात होतं. गाव गोळा झालं. विहीणबाई पांढऱ्याफटक पडल्या आणि आपण निघेपर्यंत माझ्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत. तूही मला विषय काढू नकोस म्हणून गाडीत बसवलंस.

मुलीच्या सासरी माती खाल्ली मी. नोव्हेंबरअखेर मी नागपूरला परत जाणार. त्याआधी त्यांनी मला क्षमा केली एवढं कळू दे. जावईबापूंना विचार.

वेळेवर जेवत जा, आणि आईवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
आई


ॲन आर्बर,
२ नोव्हेंबर २००४

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. लॅबमध्ये ग्रँटचं रिन्युअल, त्यात ओवेनच्या आयर्लंडला सारख्या चकरा. मी बसने घरी येते आणि कोटासकट सोफ्यावर आडवी होते.

तो काल परतला. सासूबाईंचा आजार पसरलाय, डॉक्टरांनी केमो थांबवली. तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं, तेव्हा कुठे सगळं कळलं. मलाही तुझ्यासारखं वाटलं होतं की त्या रागावल्या.

त्या चिंध्या म्हणजे नवस, आई. ज्याला दुखणं असेल त्याच्या कपड्याची पट्टी झऱ्यात भिजवून झाडाला बांधतात. ती कुजत जाते तसं दुखणंही जातं, असं मानतात. त्यातली निळी पट्टी सासूबाईंची होती. आणि जो कुणी पट्टी सोडतो, त्याला ते दुखणं लागतं म्हणे. तू तर सगळ्याच सोडल्यास.

त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. आपलं दुखणं आता विहिणीला लागणार, हे तुझ्या तोंडावर कसं सांगायचं, म्हणून गप्प. दर रविवारी फोनवर त्या आधी तुझी तब्येत विचारायच्या. मला तो टोमणा वाटायचा. ओवेन सांगतो, आपण निघालो तेव्हापासून त्या रोज काठी टेकत झऱ्यावर जातात आणि अनवाणी फेऱ्या घालतात, तुझ्या नावाने. स्वतःची पट्टी परत बांधलेली नाही. त्याने कारण विचारलं तर म्हणाल्या, आधी ती सुखरूप आहे हे कळू दे.

फार थकलेय गं. शंतनूला आणि ताईला नमस्कार. माझ्यावर आहे तसाच जीव असू दे.

तुझी,
आश्लेषा


वेस्ट विंडसर,
१९ नोव्हेंबर २००४

चि. आश्लेषा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना भात करपला, मला वासही आला नाही. मी इथे देवापुढे बसून त्यांची क्षमा मागत होते आणि ती बाई तिकडे पावसात माझ्यासाठी अनवाणी फिरत होती. फार रडले.

मग शंतनूला गाडी काढायला लावली आणि सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रक्त, छाती, पोट, काही काही निघालं नाही. कुठे दुखतंय म्हणून डॉक्टरणीने विचारलं, तर म्हटलं, कुठेच नाही, विहिणीसाठी आलेय. तिला काय कळणार! माझा नाही या गोष्टींवर विश्वास, पण त्यांचा आहे ना.

जावईबापूंना आजच फोन करायला लाव. म्हणावं, तुमची विहीण रत्ना ठणठणीत आहे. आता फेऱ्या बंद करा, घरात शेगडीपाशी बसा, आणि तुमची पट्टी उद्याच्या उद्या बांधून घ्या. मुलीच्या आईचा हट्ट आहे, मोडायचा नाही.

तू दमलीस की इकडे निघून ये. दोघांवर माझा जीव आहे, तो कुठे जात नाही.

तुझी,
आई

ता. क. गुडघे दुखतात ते मात्र त्यांना सांगू नकोस. ते माझेच आहेत, जुने.