रेडिओवरची वेणूताई

३ नोव्हेंबर
पनवेलला पोहोचले आणि पहिल्याच दिवशी जेवायला निवट्यांचं, म्हणजे खाडीतल्या चिखलातल्या माशांचं, कालवण मिळालं! विचुंबे गावाच्या पुढे, पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या, म्हणजे आमचं रेडिओ केंद्र. भिंतींना गोधड्या ठोकल्या आहेत, आवाज घुमू नये म्हणून. ट्रान्समीटर पन्नास वॅटचा, आसपासच्या गावांपुरता. मी तंत्रज्ञ, म्हणजे माइकपासून छतावरच्या अँटेनापर्यंत सगळं माझ्याकडे. पुण्यातल्या नोकरीत मला कोणी नावानं हाक मारत नव्हतं. इथे खालचा गिरणीवालासुद्धा प्रांजलताई म्हणतो.

सकाळचा कार्यक्रम वेणूताई करतात. खाडीला भरती कधी, टँकर कुठे अडकलाय, कोणाची म्हैस सुटलीय, कोणाकडे मयत झालं, सगळं त्यांच्या आगरी बोलीत. त्यांचा चुलतदीर जगन रोज फोन करून काहीतरी खोडी काढतो. कालवण त्यानेच पाठवलं होतं. वेणूताई मला म्हणाल्या, “आमचा रेडिओ लहान हाय पोरी, पन घरातला हाय. लोक पेपरवर इश्वास ठेवत नाय, माझ्यावर ठेवतात.”

१२ नोव्हेंबर
केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या मंडळावरची जुनी माणसं गेली. मुंबईच्या एका मोठ्या माध्यमसमूहाची माणसं आली. त्यांनी किनाऱ्यावरची बरीच छोटी केंद्रं अशीच घेतली आहेत. विश्वजीत नावाचे साहेब आले होते, बोलायला फार गोड. म्हणाले, यापुढे सगळ्या केंद्रांचे कार्यक्रम मुंबईतून, एकाच संगणक यंत्रणेवरून बनणार. जुन्या ध्वनिमुद्रणांवरून वेणूताईंचा आवाज तयार केलाय, त्यांनी आता घरी आराम करावा.

वेणूताईंनी विचारलं, “आवाज माझा, तं माझ्याशिवाय बोलंल कसा?”

साहेब नुसते हसले. मला मात्र ठेवलंय, यंत्रं सांभाळायला. शेजारच्या टेकडीवर समूहाचा मोठा प्रसारण टॉवरही उभा राहिलाय. मी रोज सकाळी माइकवर काहीतरी वाचून मुंबईला पाठवायचं, आवाजाची पातळी तपासायला.

२० नोव्हेंबर
नव्या वेणूताई सुरू झाल्या. बोली तीच, खाकरणंही तेच. फोन करणाऱ्यांना नावानं ओळखतात. जगनशी थट्टा करतात. मधे बिल्डरच्या जाहिराती, त्याही त्याच मायेनं. लोक खूश आहेत, कारण आता वेणूताई दिवसभर असतात.

खऱ्या वेणूताईंना भेटायला गेले. ओट्यावर वाल सोलत ऐकत बसल्या होत्या. रेडिओवरची बाई हसली आणि यांच्या हातातली शेंग पडली. म्हणाल्या, “मी अशी हासत नाय गो.”

२६ नोव्हेंबर
आज रेडिओ म्हणाला की दोन परके पुरुष सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्यांत पावडर टाकत फिरताहेत, पोरं आजारी पडतील. टाक्या धुणाऱ्या त्या दोघांना मी ओळखते. परवाच आमच्याकडे येऊन गेले. ती ब्लीचिंग पावडर आहे!

विश्वजीत साहेबांना फोन केला. ते म्हणाले, हे कोणीच लिहिलेलं नाही. लोक जे शेवटपर्यंत ऐकतात, तसलं यंत्रणा आणखी देते. मी म्हटलं, थांबवा. ते म्हणाले, एका केंद्रासाठी सगळं थांबवता येत नाही.

संध्याकाळपर्यंत ती बातमी सारखी लागत होती. तपशील वाढत होते. आता त्यांच्या शर्टांचे रंगही.

२७ नोव्हेंबर
ते दोघे मेले.

भर सकाळी, रिक्षा थांब्यापाशी. लोखंडी पाइप, बॅट, फरशीचे तुकडे. धाकट्याला खाली पाडून त्याच्या तोंडात त्यांचीच पावडर कोंबली. डोळ्यांतही. तो आंधळा होऊन धावला, भिंतीवर आपटला, मग पुन्हा लोकांच्यातच येऊन पडला. मी ओरडत होते. मला कोणीतरी कोपर मारलं, दात हललाय. रिक्षांमधल्या रेडिओंवरून सगळीकडे वेणूताईंचा एकच आवाज येत होता. सावध रहा माझ्या लेकरांनो. पाइप मारणाऱ्यांत जगन होता.

२८ नोव्हेंबर
वेणूताई घरोघर फिरल्या. रेडिओवर मी नाय, मी असं बोलले नाय, असं हात जोडून सांगत. मी बरोबर होते. लोक ऐकत, मग रेडिओकडे बघत.

जगनच्या दारात असतानाच आतून रेडिओ बोलला, “माझं नाव सांगून एक बाई फिरते हाय. माझ्यासारकी दिसते. तिला घरात घेऊ नका.”

जगनने दार लावलं. ज्या वहिनीनं त्याचं लग्न लावून दिलं, तिच्या तोंडावर.

पोलीस चौकीत गेलो. टेबलावर रेडिओ चालू होता. हवालदार वेणूताईंकडे बघून म्हणाला, तुम्ही कोण?

२९ नोव्हेंबर
लिहिलंच पाहिजे, दुसरं कोणी लिहिणार नाही.

दुपारी वेणूताईंच्या अंगणात वीस-पंचवीस जण आले. रेडिओ वेणूताईंच्या तोंडाजवळ धरला. बोल म्हणाले. त्या बोलल्या. जगनला त्याच्या आईच्या आजारपणातलं काहीतरी सांगितलं, जे दोघांनाच माहीत असेल. जगनचा चेहरा हलला. मी पाहिलं, हलला.

मग रेडिओ रडायला लागला. “जगन, ती माझा आवाज चोरून बसलीय रं.”

त्याने कोयता आणला. दोघांनी जबडा धरला. जीभ —

त्या लगेच मेल्या नाहीत. घशातून आवाज येत होता. लोक म्हणाले, बघा, आता नाय बोलत वेणूसारकी.

मग सगळे घरी गेले. रेडिओ म्हणाला, घाबरू नका, मी हाय.

३० नोव्हेंबर
रेडिओ केंद्रात स्वतःला कोंडून घेतलंय. खाली गिरणी बंद आहे.

आईला फोन लावला. ती म्हणाली, अगं, आत्ताच तर रेडिओच्या ॲपवर ऐकलं तुला, घरी निघालीस ना? मी म्हटलं, आई, मी नाही ती. ती म्हणाली, मग कोण बोलतंय? तिनं फोन ठेवला.

रोजची ती तपासणी. रोज माझा आवाज पाठवत होते मी —

मुख्य स्विच ओढला. केबल तोडली. बंद होत नाही. टेकडीवरच्या टॉवरवरून येतंय.

रेडिओवरची ती आता माझ्या आवाजात सांगतेय. मी प्रांजल. मी पुण्याला पोहोचले. केंद्रात एक चोर बाई शिरलीय.

आमचा ट्रान्समीटर पुन्हा जोडला. माइक चालू केला. म्हटलं, लोकहो, मी वर आहे, खिडकीत बघा, मीच —

खालून दगड. काच. कपाळातून रक्त, पानावर पडतंय.

पुन्हा बोलले. मी वाक्य सुरू करते, ती संपवते. माझ्याहून चांगलं.

जिन्यावर पावलं. दाराला पाइप मारताहेत. कडी वाकली —

ती शांत आहे. म्हणतेय, दार तुटलं की बाई टेबलाखाली लपेल, डावीकडे. मी टेबलाखालीच —

म्हणतेय, तिच्या हातात पेन आहे, आधी तो हात —